बदल नाही

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता वृषाली चौगुलेनं उशालगतचा फोन उचलला आणि आपली पंधरा वर्षांची मुलगी दीडशे किलोमीटरांवर नीट जागी झाली आहे याची खात्री करून घेतली.

पडद्यावर तीन ओळी होत्या. ‘शाल्मली जागी आहे. फोन वापरते आहे. मनःस्थिती शांत.’ त्याखाली हिरव्या अक्षरांत नेहमीचे दोन शब्द: ‘बदल नाही.’ वृषालीनं श्वास सोडला आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या जोडणीशिवाय फोन वापरता येणार नाही, असा कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरोघरी ‘पाठराखीण’ आली होती. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरची एक जण जाते, तिच्यावरून कंपनीनं हे नाव उचललं होतं. मूल कुठं आहे, फोनवर काय बघतं, किती वेळ बघतं, बोटं पडद्यावर कशी चालतात आणि त्यावरून मन थाऱ्यावर आहे की नाही, हे सगळं पाठराखीण पालकांना सांगायची. शाल्मली तिला ‘चोंबडी’ म्हणायची.

निघायच्या आदल्या दिवशी मायलेकींचा करार झाला होता.

‘चोंबडीला राहू दे फोनमध्ये, मी काढणार नाही,’ शाल्मली म्हणाली होती. ‘पण मग चार दिवस तू फोन करायचा नाहीस. पोचलीस का, जेवलीस का, स्वेटर घातलास का, काही नाही.’

‘एकदा तरी करते.’

‘आई, तुला सगळं दिसतंच की. मग बोलायचं कशाला?’

वृषालीनं करार मान्य केला. शिवाय फोन केला तर तो अक्कांच्या घरात वाजला असता, आणि ते तिला नको होतं.

अक्का म्हणजे तिच्या नवऱ्याची मोठी बहीण, शाल्मलीची आत्या. घाटाखाली आंबेवणे गावात एकट्याच राहायच्या. वृषालीचा आणि त्यांचा पाच महिने अबोला होता. मे महिन्यात वृषालीची आई दवाखान्यात होती; नाकातोंडात नळ्या, डोळे मिटलेले. सतराव्या दिवशी अक्का भेटायला आल्या आणि बाहेरच्या बाकावर, चार माणसांत म्हणाल्या, ‘किती ओढायचं गं, वृषाली? सोडव आता तिला.’ दोन दिवसांनी आई गेली. वृषाली त्या सकाळी कामावर होती. नऊ वाजता दवाखान्याचा निरोप आला होता, ‘प्रकृती स्थिर.’ दहा वाजता फोन वाजला. तेव्हापासून वाजणारा फोन ती चटकन उचलत नसे. अक्का दिवसांना आल्या तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. नवरा सैन्यात, दूर सरहद्दीवर. त्याचा फोन रविवारी यायचा, आणि बायको आणि बहीण यांच्यामध्ये पडायची त्याची छाती नव्हती.

शाल्मलीला मात्र आत्याचं वेड होतं. गणपतीत ती आंबेवण्याला गेली तेव्हा घाटात नेटवर्क तुटत होतं, आणि पाठराखीण एका दिवसात अकरा वेळा ‘संपर्क तुटला’ म्हणून ठणाणा करत होती. अकराही वेळा वृषाली हातातलं काम टाकून उठली होती. म्हणून या वेळी, दिवाळीच्या सुट्टीसाठी पोरगी निघायच्या आधी, तिनं सेटिंगमध्ये जाऊन ‘दुर्गम भाग’ निवडलं. त्याखाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. ते तिनं वाचलं नाही. ठणाणा बंद होणार होता, एवढं तिला पुरे होतं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाच्या एसटीत तिनं शाल्मलीला बसवून दिलं. दुपारी पाऊणच्या सुमारास पाठराखीण म्हणाली, ‘शाल्मली आंबेवण्याला पोचली.’ रात्री म्हणाली, झोपली. सकाळी म्हणाली, उठली.

*

वृषाली जिल्ह्याच्या पूर नियंत्रण कक्षात पंधरा वर्षं नोकरीला होती. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर नदीवरच्या बेचाळीस पुलांची पाणीपातळी. प्रत्येक पुलाखाली मापनयंत्र होतं, त्यामुळे पूर्वी तासातासाला फोन करणारे मापक आता उरले नव्हते. अपवाद फक्त कासारवाडीच्या माने आप्पांचा. निवृत्तीला पाच महिने राहिलेले, यंत्र बसून चार वर्षं झालेली, तरी आप्पा दर तासाला पुलावरची पट्टी वाचून फोन करायचे. ‘कासारवाडी पूल. पाणी तेवढंच. बदल नाही.’

‘आप्पा, तुमच्या आधी यंत्र सांगतं आम्हाला,’ तन्वीर मुल्ला म्हणायचा. यंत्रांची देखभाल करणारा तो तरुण इंजिनिअर.

‘सांगू दे की. त्याला पगार कुठं आहे? मला आहे.’

त्या शनिवारी परतीच्या पावसानं डोंगरात मुक्काम ठोकला होता. दुपारी तीन वाजता आप्पांचा फोन आला.

‘कासारवाडी पूल. पाणी साडेतीन फूट चढलंय. लिहून घ्या, मॅडम.’

वृषालीनं पडद्याकडं पाहिलं. ‘आप्पा, इथं बदल नाही दाखवतंय.’

‘मग इथं येऊन उभ्या राहा. येताना चपला हातात घेऊन या.’

तन्वीरनं खुर्ची ओढली, काहीतरी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ‘यंत्र गेलंय, मॅडम. ओंडका बसला असणार. सकाळी सहानंतर त्याच्याकडून काहीच आलेलं नाही.’

‘मग नऊ तास हे आकडे कुठून येतायत?’

‘अंदाजातून.’

मग त्यानं समजावून सांगितलं. पुलाखालच्या यंत्रात एक गणित असतं आणि इथल्या संगणकात त्याच गणिताची जुळी प्रत असते. पुढच्या तासाला पाणी किती असेल, हे दोघंही आपापल्या जागी मांडतात. यंत्राला दिसलेलं पाणी गणिताशी जुळलं, तर यंत्र बोलतच नाही. बोलायला बॅटरी लागते. जुळलं नाही तरच ते बोलतं. ‘म्हणजे त्याचं गप्प राहणं हाच निरोप असतो. तुझा अंदाज बरोबर आहे, असा. मग इकडचा संगणक आपलाच अंदाज खरा म्हणून पडद्यावर लिहितो.’

‘आणि यंत्रच मेलं तर?’

‘तर तेही गप्पच.’ तन्वीरनं मान खाजवली. ‘म्हणून मधूनमधून एक ठोका पाठवायचा असतो. मी आहे, एवढंच सांगणारा. पावसाळा संपला म्हणून आपण तो दिवसातून एकदाच ठेवला. एरवी पद्धत चांगली आहे, मॅडम, सगळीकडं हीच वापरतात. विजेचे मीटर, हृदयाचे पट्टे, ती पोरांची पाठराखीण...’

तो आणखीही काही बोलत होता. वृषालीला त्याचे ओठ हलताना दिसत होते. तिनं पर्समधून फोन काढला. ‘शाल्मली फोन वापरते आहे. मनःस्थिती आनंदी. बदल नाही.’

‘तन्वीर,’ ती म्हणाली, ‘याचा ठोका कुठं बघायचा?’

त्यानं चार ठिकाणी बोट टेकवलं आणि फोन तिच्यापुढं धरला, स्वतः न वाचता. दुर्गम भाग. ठोका दर छत्तीस तासांनी. शेवटचा प्रत्यक्ष निरोप शुक्रवारी, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. शनिवारचे.

मापकाचा फोन आला नाही तर वहीतल्या त्याच्या रकान्यात ‘बदल नाही’ लिहायचं नसतं. रकाना रिकामा ठेवायचा आणि ताबडतोब माणूस धाडायचा. नोकरीला लागलेल्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी हे सांगायचं काम वृषालीकडं होतं.

तिनं शाल्मलीला फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. मग पाच महिन्यांत न लावलेला नंबर लावला. सहाव्या घंटेला तो उचलला गेला.

‘अक्का, मी वृषाली.’

पलीकडं रेडिओ बंद झाला. मग, ‘बोल.’

‘शाल्मलीला द्या जरा.’

‘शाल्मलीला?’ अक्का म्हणाल्या. ‘तू पाठवलीस कुठं तिला?’

वृषालीनं तन्वीरला जीप काढायची खूण केली.

‘बुधवारी बोललो आम्ही. येते म्हणाली शुक्रवारी,’ अक्कांचा आवाज आता वेगळा झाला होता. ‘तीन वाजेपर्यंत जेवायची थांबले मी. मग म्हटलं, हिनंच अडवली असेल पोरीला. तुझ्या मनात नाही तर मी कशाला फोन करून विचारू?’

‘मी नाही अडवली, अक्का. काल सकाळी गाडीत बसवली मी तिला.’

दोघींच्या मध्ये अख्खा एक दिवस आणि एक रात्र होती. तेवढ्या वेळात दोघींपैकी एकीनं एक फोन केला असता तर पुरलं असतं. हे दोघींनाही एकदमच कळलं. मग अक्का म्हणाल्या, ‘ठेव फोन. मी माणसं गोळा करते.’

*

ऑफिसची जीप तन्वीर चालवत होता. निघतानाच वृषालीनं पोलिसांना कळवलं होतं. कऱ्हाड मागं पडलं तेव्हा घाटाखालच्या पोलीस ठाण्यातून फौजदार बाईंचा फोन आला. बोलणं नेमकं होतं. मुलगी शुक्रवारी अकरा पस्तीसला आंबेवणे फाट्यावर उतरली, एसटीच्या यंत्रात नोंद आहे. तिथून गाव पाच किलोमीटर. फाट्यावर काल रिक्षा नव्हत्या. त्यापुढं कुणी पाहिलेली नाही.

‘पाठराखिणीच्या कंपनीनं तुमच्या मुलीच्या सवयींवरून नकाशा काढून पाठवलाय,’ बाई म्हणाल्या. ‘ती डांबरी रस्त्यानं गेली असणार, चौऱ्याण्णव टक्के. वळणांवर खाली खोल चर आहेत. माझ्याकडं सहा माणसं, एक ड्रोन आणि दीड तास उजेड आहे. वर पाऊस वाढतोय. रस्त्याकडेला शोध सुरू करते. चालेल?’

‘अक्कांना घ्या या फोनवर,’ वृषाली म्हणाली.

अक्का आल्या त्या धापा टाकतच. ‘ती रस्त्यानं येत नाही. कधीच आली नाही. राईतून पायवाट आहे, ओढा ओलांडून.’

‘पायवाट नकाशात नाही, बाई.’

‘नसू दे. मी दर वेळी अर्ध्या वाटेवर जाऊन उभी राहते तिच्यासाठी.’ अक्का थांबल्या. ‘या वेळी गेले नाही. गुडघा दुखतो असं म्हटलं मनाशी. दुखत नव्हता.’

‘मला तिनं कधी सांगितलं नाही पायवाटेचं,’ वृषाली म्हणाली.

‘सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?’

गणपतीत, ठणाण्यांच्या मधल्या वेळातही, त्या डांबरी रस्त्यावरून हळूहळू सरकणारा हिरवा ठिपका वृषालीनं ऑफिसात बसून पाहिला होता. आंबेवण्याच्या पाटीपर्यंत पोचलेला पाहिला होता, आणि मगच डबा उघडला होता. तिथं नेटवर्क धड नव्हतं. यंत्राला पायवाट ठाऊक नव्हती, म्हणून ते तिच्या पोरीला रस्त्यानं चालवत होतं. तरीही तीन वर्षं रोज खरी ठरलेली ती चोंबडी चौऱ्याण्णव टक्के म्हणत होती, आणि दुसऱ्या बाजूला अक्का होत्या. सहा माणसं होती आणि एक ड्रोन. चुकलं तर पुन्हा विचारायला उजेड उरणार नव्हता.

‘सांगा लवकर,’ फौजदार बाई म्हणाल्या.

‘अक्का म्हणतील तिकडं न्या.’

‘सगळी माणसं?’

‘सगळी. ड्रोनसुद्धा.’

घाट लागला आणि नेटवर्क गेलं. पाऊस काचेवर असा आदळत होता की वायपर नुसता हात हलवल्यासारखा वाटत होता. डोंगरावरून तांबडं पाणी रस्त्यावर उतरत होतं. कुठला तरी ओढा आत्ता असाच भरत असणार, आणि त्याच्या काठाला, किंवा काठाखाली. वृषाली विचार तिथंच तोडत होती आणि तो पुन्हा तिथंच येऊन उभा राहत होता.

तरी मांडीवरचा फोन उजळला; अंदाज मांडायला त्याला नेटवर्क लागत नव्हतं. ‘शाल्मलीनं फोन बाजूला ठेवला. मनःस्थिती शांत.’

‘बंद करा मॅडम ते,’ तन्वीर समोर बघतच म्हणाला.

‘करते.’

पण तिनं केलं नाही. बाहेर धुकं होतं आणि धुक्यात अशी एक मुलगी होती, जिच्याबद्दल या घडीला जगात कुणालाही काही माहीत नव्हतं. हातातली मुलगी मात्र ठीक होती. तिला खरचटलंही नव्हतं. थोड्या वेळानं ती जेवेल, साडेदहाला झोपेल, उद्या सातला उठेल, आणि कुणी थांबवलं नाही तर अशीच उठत राहील. वृषालीला मे महिन्यातला तो एक तास आठवला, नऊ ते दहा. ‘प्रकृती स्थिर’ वाचून ती किती निश्चिंत झाली होती. कुणाच्या तरी बोलण्यावर मोठ्यानं हसलीसुद्धा होती. त्या हसण्याच्या वेळी आई होती की नव्हती, हे तिनं दवाखान्यात कधी विचारलं नाही. हे तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं.

अक्कांनी जे म्हटलं होतं, ते बाकी सगळ्यांनी मनात म्हटलं होतं. तिनं स्वतःसुद्धा.

तिनं फोन पालथा घातला आणि दोन्ही हात त्यावर दाबून बसली.

खालचं शेवटचं वळण उतरताना तो हाताखाली थरथरला. अक्कांचं नाव होतं. तिला तो उचलवेना. तन्वीरनं जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि फोन घेऊन तिच्या कानाला लावला.

‘सापडली,’ अक्का म्हणाल्या.

वृषालीनं फोन आपल्या हातात घेतला. पलीकडून ओढ्याच्या पाण्याचा आवाज येत होता, आणि माणसांचा, ‘सांभाळून, पाय धरा, पाय’ असा.

‘बोलते का?’ तिनं शेवटी विचारलं.

‘पाणी मागितलं,’ अक्का म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

*

मांडीचं हाड मोडलं होतं. राईतल्या उतारावर पाय घसरून ती ओढ्यातल्या खडकांवर पडली होती, आणि फोन तिच्याआधी खडकावर आपटला होता. शनिवारी दुपारपासून पाणी चढत होतं. ते कमरेपर्यंत आलेलं असताना माणसं पोचली. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर सांगता येत नव्हतं. शनिवारी रात्री पावणेबाराला, शाल्मली ऑपरेशनच्या टेबलावर असताना, वृषालीच्या फोनवर निरोप आला: ‘आपल्या पाल्याचा संपर्क तुटला असण्याची शक्यता आहे.’

रविवारी सकाळी शाल्मली नीट शुद्धीवर आली. पाय वर टांगलेला, ओठ सुजलेले. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि दोघी एकमेकींना औषधाच्या वेळा सांगत होत्या, हे तिनं थोडा वेळ नुसतं पाहून घेतलं.

‘बोलायला लागलात वाटतं,’ ती म्हणाली.

‘तुझा पाय मोडावा लागला त्यासाठी,’ अक्का म्हणाल्या. ‘शहाणी.’

मग ती आपणहून सांगायला लागली, तुटक तुटक. पडल्यावर पहिल्यांदा फोनकडंच पाहिलं. त्याचे तुकडे झाले होते. ‘मला बरंच वाटलं एका अर्थी. म्हटलं, चला, आता आईला लगेच कळणार. चोंबडी बोंबलणार. दोन-तीन तासांत येईल कुणीतरी.’

वृषाली तिचे केस मागं सारत होती. हात तसाच चालू ठेवला.

‘चार-साडेचारला वरच्या वाटेनं दोन माणसं गेली. लाकडं होती त्यांच्याकडं. बोलत होती, सगळं ऐकू येत होतं मला.’

‘कधी? शुक्रवारी?’ अक्कांनी विचारलं. ‘मग हाक नाही का मारायची?’

‘अनोळखी होती.’ शाल्मलीनं आईकडं पाहिलं. ‘एकटी असताना अनोळखी माणसांना हाक मारायची नाही ना. आणि तू येणारच होतीस.’

अक्का उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

‘नंतर रात्र झाली,’ शाल्मली म्हणाली. मग त्या रात्रीबद्दल काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘तुला कधी कळलं गं?’

घाटात दरड पडली होती, रस्ता बंद होता, रात्रभर अडकलो होतो, असं सांगता आलं असतं. अक्का काही बोलल्या नसत्या. त्यांची पाठ तसं सांगत होती.

‘शनिवारी,’ वृषाली म्हणाली. ‘दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.’

शाल्मलीचे ओठ हलले. ती तास मोजत होती. एकदा मोजून झाल्यावर तिनं पुन्हा मोजले.

‘मग तोपर्यंत?’

‘तोपर्यंत तू दिसत होतीस मला. रात्री साडेदहाला फोन ठेवून झोपलीस. सकाळी उठून खो-खोचा सामना बघितलास. पाऊण तास.’

शाल्मली छताकडं बघत पडून राहिली. तिचा हात आईच्या हातात होता. तो तिनं काढून घेतला नाही आणि दाबलाही नाही.

‘कोण जिंकलं?’ तिनं विचारलं.